दोघांचं पथ्य

अहल्या शिर्के एकतीस वर्षं आजाऱ्यांसाठी रांधत होती. बडोद्यातल्या एका मोठ्या इस्पितळाचं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली होतं. कुणाला बिनमिठाचं, कुणाला बिनसाखरेचं, कुणाला नुसती भाताची पेज. प्रत्येक थाळीवर खाटेचा नंबर असायचा, आणि त्या खाटेवरच्या माणसाला काय द्यायचं नाही हे अहल्येला तोंडपाठ असायचं. "मासी, चिमूटभर मीठ तरी टाका," म्हणून लोक गयावया करायचे. ती हसायचीसुद्धा नाही. "घरी गेल्यावर घाला. मी आहे तोवर नाही," एवढंच म्हणायची. ती माणसं बरी होऊन घरी गेली की त्यातलं थोडं श्रेय मनातल्या मनात स्वतःकडे ठेवून घ्यायची.

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ जगदेवराव, दोघंच. अहल्येला सांगलीला दिली होती. दोन वर्षांत ती परत आली, कारण नवऱ्याचं दुसरं घर होतं आणि सासरी ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिला नव्हतं. स्टेशनावर जगदेवराव घ्यायला आला होता. त्याने ट्रंक उचलली आणि बाहेर येऊन रिक्षात ठेवता ठेवता म्हणाला, "माझी सायकल उद्यापासून तू घे. मला कंपनीची बस असते." तिथे काय झालं, कसं झालं, हे त्याने पुढच्या सदतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्याच सायकलवरून ती नोकरीच्या मुलाखतीला गेली.

जगदेवराव बाजव्याच्या एका कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासायच्या कामावर होता. त्याची बायको शैला काविळीने लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, पुन्हा लग्नाचं नाव त्याने काढू दिलं नाही. पुढे दोघांनी मिळून मांजलपूरला एका सोसायटीत तळमजल्याचं घर घेतलं. पुढे चार फुटांचा ओटा, शेजारी कोकिलाबेन, भिंतीपलीकडे त्यांची कुंड्यांतली बाग.

तो निवृत्त झाला त्या दिवशी हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला, आणि घड्याळाच्या पिशवीतून एक पिवळं पिल्लू बाहेर निघालं.

"हे काय?" अहल्येने विचारलं.

"बाजव्याचं आहे. पंपहाउसमागे होतं. आई दिसली नाही चार दिवस."

"आणि आता माझ्या स्वयंपाकघरात?"

"तुझ्या नाही गं. माझ्या खोलीत."

बाजव्याहून आलं म्हणून त्याचं नाव बाजव्या पडलं. पिल्लाचा बोका झाला, दांडगा झाला, जगदेवरावाच्या वेताच्या खुर्चीत निम्मी जागा अडवून बसायला लागला. अहल्येचं आणि त्याचं फारसं जमलं नाही. ती त्याला पायानेच बाजूला सारायची आणि तोही तिच्याकडे बघितल्यासारखं करून बघायचा नाही. भाऊ मात्र त्याच्याशी दिवसभर बोलायचा. दुकानातलं कोरडं खाणं आणायचा, रविवारी मांडवीकडून येताना खिशात सुकट लपवून आणायचा. सोसायटी सगळी शाकाहारी. सुकटीचा वास कोकिलाबेनपर्यंत जायचा, पण त्या बिचाऱ्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

अहल्या निवृत्त झाली आणि दोनच वर्षांत जगदेवरावाची मूत्रपिंडं गेली. मधुमेह जुना होता. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. डॉक्टरांनी पथ्याचा कागद पुढे केला तेव्हा अहल्येने तो वाचलासुद्धा नाही. तिला तो पाठ होता. भाजी चिरून भिजत घालायची, दोन पाण्यांत उकळायची, पाणी फेकून द्यायचं. मीठ नावालाच. केळं नाही, नारळपाणी नाही. आणि दिवसभराचं पाणी पाऊण लिटर, चहा-ताक-आमटी सगळं धरून.

ती रोज सकाळी एका स्टीलच्या बाटलीत मोजून पाणी भरायची आणि त्याच्या खुर्चीशेजारी ठेवायची. त्यातूनच त्याचा चहा, त्यातूनच गोळ्या. एप्रिल-मेमध्ये बडोद्याच्या उन्हात ओटा तव्यासारखा तापतो. जगदेवराव ओठांवरून जीभ फिरवत बसायचा आणि बाटलीकडे बघायचासुद्धा नाही, बघितलं की तहान वाढते म्हणून. त्याच्यासमोर अहल्या पाणी प्यायची नाही. तहान लागली की मोरीच्या दाराआड जायची, भावाला घोटांचा आवाज जाऊ नये म्हणून हळूहळू प्यायची आणि तोंड पुसून बाहेर यायची. त्याला ते माहीत होतं. तो तिला कधी म्हणाला नाही.

दोन हजार चौदाच्या एप्रिलात एका सकाळी जगदेवराव म्हणाला, "अहल्या, बाजव्याचं काहीतरी बिनसलंय."

बोका रेतीच्या घमेल्यात बसत होता, जोर करत होता, उठत होता, दोन पावलं जाऊन परत घमेल्यात येत होता. मधूनच शेपटीखाली चाटत होता.

"पोट साफ होत नसेल," अहल्या म्हणाली. "चमचाभर तूप देते."

"पोटाचं नाही ते. रेती बघ ना. कालपासून कोरडी आहे."

"तू आता त्याच्या घमेल्यात हात घालून बघतोस?"

तिने तूप चाटवलं आणि कामाला लागली. दुपारी बोका ओकला, मग पलंगाखाली जाऊन असा काही ओरडला की जगदेवराव धडपडत उठला. त्याच्या पायात त्राण नव्हतं, तरी तो चप्पल शोधायला लागला. "तू येत नसशील तर मी नेतो," तो म्हणाला. त्याचा आवाज असा तिने कधी ऐकला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टर नयनाबेन जवळच्याच चौकात होत्या. बाई गुजराती, सगळं बोलणं गुजरातीतच व्हायचं. त्यांनी बोक्याच्या पोटावर हात ठेवला आणि ताबडतोब टेबल मोकळं करायला सांगितलं.

"मासी, मूत्राशय मोसंबीसारखं कडक झालंय. वाट बंद आहे. बोक्यांची नळी अरुंद असते, लघवीत खडे धरले की गच्च बसतं. अजून अर्धा दिवस गेला असता तर विष अंगात भिनलं असतं. सकाळीच का नाही आणलात?"

एकतीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई तूप चाटवत बसली होती.

जगदेवरावाला मात्र सगळं एका क्षणात उमगलं. "पाइपात क्षार धरतात तसं," तो म्हणाला. "पाणी कमी पडलं की धरतात. मी तीस वर्षं तेच तर बघत होतो."

भूल देऊन नळी घातली. पहिल्यांदा रक्त आलं, मग गढूळ लघवी. सलाइन लागलं. बोका तीन दिवस तिथेच राहिला. दुसरा दिवस बुधवार होता. जगदेवराव डायलिसिसच्या खाटेवर, त्याच्या हातातून दोन नळ्या गेलेल्या, आणि अहल्या चौकातल्या दवाखान्यात. त्याने नर्सकडून फोन लावून घेतला.

"त्याला लघवी होतेय?"

"होतेय. आता स्वच्छ आहे म्हणाल्या."

"नळीतून की आपली आपण?"

"अजून नळीतून, दादा."

तिसऱ्या दिवशी नळी काढल्यावर बोक्याने आपलं आपण रेती ओली केली. अहल्येने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा जगदेवरावाने डोळे मिटले आणि म्हणाला, "सुटला बिचारा." त्याला स्वतःला लघवी होऊन वर्ष उलटून गेलं होतं.

नयनाबेननी पथ्य समजावलं. कोरडं खाणं बंद. सुकट तर अजिबात नाही. लघवीच्या खड्यांसाठी खास ओलं खाणं डब्यांत मिळतं, ते मागवून द्यायचं. एकदम बदल करायचा नाही, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलायचं. मधेमधे चिकन नुसतं उकडून, मीठ नाही, कांदा-लसूण तर चुकूनही नाही, आणि त्यात त्याचंच कोमट पाणी. घमेलं रोज दोनदा साफ. घरात आदळआपट नको, बोके धास्तीनेही आजारी पडतात. "आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे पाणी," त्या म्हणाल्या. "जेवढं पिईल तेवढं. चार ठिकाणी वाडगे ठेवा. ताजं लागतं त्यांना, शिळं तोंडात घेत नाहीत."

त्या रात्रीपासून घरात दोन पथ्यं सुरू झाली. एकाला पाणी मोजून द्यायचं आणि दुसऱ्याला काही करून पाजायचं. अहल्येने दोन्ही अंगावर घेतली असती, पण जगदेवराव म्हणाला, "खाण्याचं तू बघ. पाण्याचं मी बघतो."

"तुला कशाला त्रास?"

"दिवसभर काय करतो मी? एवढं तर करू दे."

मग ती रोज सकाळी त्याच्या बाटलीशेजारी दोन लिटरचा एक जग भरून ठेवायला लागली, बाजव्याचा. जगदेवराव काठी टेकत चार वाडगे फिरायचा. एक ओट्यावर, एक खुर्चीखाली, एक उंबऱ्याशी, एक मोरीच्या दारात. वाडगा भरला की खाली वाकून बोटाने पाणी हलवायचा आणि म्हणायचा, "चल रे बाजव्या, दोन घोट. दोनच घोट." बोका यायचा. लपालपा प्यायचा. जगदेवराव त्याच्याकडे बघत बसायचा आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची, जणू घोट तोच घेत होता. अहल्येला ते बघवायचं नाही. एकदा तिने विचारलंच, "दादा, तुला त्रास नाही होत रे, असं बघून?"

"नाही," तो म्हणाला. "तो प्यायला की बरं वाटतं."

दीड महिन्यात बोका सुधारला. डब्यातलं खाणं पहिल्यांदा त्याने पंजाने उडवून लावलं होतं. अहल्येने ते उकडलेल्या चिकनमध्ये चमचा चमचा मिसळत नेलं, इस्पितळात हट्टी म्हाताऱ्यांना पेज खाऊ घालायची तसं. लघवी तपासली, खडे नव्हते. नयनाबेन म्हणाल्या, "मासी, तुमच्यासारखं पथ्य कुणी पाळत नाही." अहल्येला बरं वाटलं. त्या दिवशी तिने बोक्याच्या डोक्यावरून पहिल्यांदा हात फिरवला.

जुलैत गोष्ट बिघडली. डायलिसिसला जाताना जगदेवरावाचं वजन करायचे. दोन डायलिसिसच्या मधे ते दोन किलोंहून जास्त वाढता कामा नये. एका सोमवारी ते साडेतीन किलोंनी वाढलेलं भरलं. बुधवारी पुन्हा तीन. पाय सुजलेले, दम लागत होता. तिथली नर्स म्हणाली, "काका पाणी पितात चोरून. सगळेच पितात."

अहल्येला बाटली आठवली. बाटली तर रोज मोजूनच भरत होती. मग तिला जग आठवला. दोन लिटरचा जग संध्याकाळी रिकामा असायचा. मांजर दिवसाला किती पाणी पिणार? पेलाभर. उरलेलं गेलं कुठे?

घरी आल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, खरं सांग. जगातलं पाणी कोण पितं?"

"बाजव्या."

"दोन लिटर? एवढंसं जनावर?" तिचा आवाज चढला. इस्पितळात खाटेखाली लोणच्याची बरणी सापडली की चढायचा तसा. "मी इथे मरमर मरते, भाज्या दोनदोनदा उकळते, आणि तू मांजराच्या वाडग्यातलं पाणी पितोस?"

जगदेवराव तिच्याकडे बघत राहिला. "मांजराचं पाणी?" तो म्हणाला. "मी?"

तिने जग उचलून स्वयंपाकघरात नेला. दुसऱ्या दिवसापासून वाडगे तीच भरायला लागली, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जगदेवरावाने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीतून उठायचं सोडलं. "दोन घोट" म्हणून हाक मारायचंही सोडलं.

आठवड्याने मोठ्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली. "हृदय थकलंय यांचं," ते अहल्येला बाजूला घेऊन म्हणाले. "पंपच कमी चालतोय, म्हणून पाणी अंगात साठतं. जास्त पाणी प्यायले असं नाही म्हणता येणार."

अहल्या घरी आली. तिने जग भरला आणि भावाच्या खुर्चीशेजारी पूर्वीच्या जागी ठेवला. तोंडाने काही म्हणणं तिला जमलं नाही. त्या घरात कुणी कुणाची माफी कधी मागितलीच नव्हती, तशी वेळच आली नव्हती. जगदेवरावाने जगाकडे पाहिलं. "राहू दे," तो म्हणाला. "तू करतेस ते बरोबर आहे." जग संध्याकाळपर्यंत भरलेलाच होता.

ती रोज ठरवायची की आज बोलायचं. श्रावण लागला. हवा कुंद होती, पाऊस पडत नव्हता आणि घाम वाळत नव्हता. एका रविवारी दुपारी जगदेवरावाची बाटली दोन वाजताच संपली.

"अहल्या, अर्धा पेला देतेस?"

शुक्रवार ते सोमवार हा सगळ्यात लांब पल्ला. रविवारीच माणसं बिघडतात हे ती जाणून होती. तिने बर्फाचा एक खडा त्याच्या हातावर ठेवला. "हा चघळ. उद्या डायलिसिस झालं की देते. पेलाभर देते."

"उद्या," तो म्हणाला, आणि खडा तोंडात धरून बसला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं, पण मागितलं नाही.

सोमवारी सकाळी रिक्षा दाराशी उभी होती. जगदेवराव ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावायला वाकला आणि तसाच पुढे गेला. अहल्येने त्याला धरलं तेव्हा तो तिच्या हातात जड झाला होता. रिक्षावाला धावत आला, कोकिलाबेन धावत आल्या. इस्पितळात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्रिया करायला कारेलीबागेतून चुलतभावाचा मुलगा आला. दहाव्याला नदीकाठी गुरुजी म्हणाले, पाणी सोडा. त्याने ओंजळीने सोडलं. गुरुजी म्हणाले, अजून. आणि अजून. तांब्यामागून तांब्या रिकामा होत होता. अहल्या मागे बायकांत उभी होती. तिला वाटलं पुढे होऊन गुरुजींचा हात धरावा. इतकं पाणी जिवंतपणी का नाही देऊ दिलंत, असं कुणाला तरी विचारावं. पण विचारायचं कुणाला? नाही म्हणणारी तीच होती.

भेटायला येणाऱ्यांत कोकिलाबेन रोज यायच्या. त्याच दिवशी संध्याकाळी त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अमारो मोगरो तो जगदेवभाईए जीवाड्यो."

"मोगरा? दादाने जगवला?" अहल्येने विचारलं.

कोकिलाबेननी सांगितलं. उन्हाळाभर जगदेवभाई दर तासाला बाजव्याचे वाडगे बदलायचे. बिलाडीला ताजं पाणी लागतं म्हणायचे. जुनं पाणी फेकायला जीव होत नव्हता त्यांचा, म्हणून भिंतीवरून वाकून आमच्या मोगऱ्याला घालायचे. मी म्हटलं, भाई, तुम्हाला दम लागतो, राहू द्या. तर म्हणाले, पाणी वाया घालवायचं नसतं, बेन.

अहल्या ऐकत होती. कोकिलाबेन आणखी काही बोलत होत्या, ते तिच्या कानावर पडत होतं आणि आत पोचत नव्हतं. ती उठून भावाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला रडायचं होतं, पण रडू येईना. पलंगाखालून खरवडल्याचा आवाज येत होता. ती वाकली. बाजव्या तिथे होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याला तिने कितीतरी दिवसांत धड पाहिलंच नव्हतं. माणसांच्या गर्दीला भिऊन तो पलंगाखाली बसला होता. वाडग्यांतल्या पाण्यावर बुळबुळीत थर आला होता. खाणं कुणीतरी आणून ठेवलेलं, वाळून गेलेलं. ती धावत घमेल्यापाशी गेली आणि रेतीत हात घातला. रेती कोरडी होती.

तिने कपड्यांची टोपली रिकामी केली, बोक्याला टॉवेलात गुंडाळून आत घातलं आणि पाहुण्यांमधून बाहेर पडली. चुलतभावाची बायको म्हणाली, "अहो वन्सं, सुतकात कुठे निघालात? घरातलं माणूस गेलंय आणि तुम्हाला मांजराचं पडलंय?" अहल्येने टोपली छातीशी घट्ट धरली. ती पायातल्या पायात अडखळत चौकापर्यंत गेली. या वेळी तिने अर्धा दिवस तूप चाटवण्यात घालवला नाही.

पुन्हा नळी, पुन्हा सलाइन. या वेळी चार दिवस. लघवी सुटली, पण बोका खाईना. नयनाबेननी त्याला घरी पाठवलं. "इथे पिंजऱ्यात तो अजून कुढेल. पण मासी, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृत जातं. नाक मुरडलं तरी सोडू नका. पातळ करून सिरिंजने गालात घाला, थोडं थोडं, ठसका लागू न देता."

अहल्येने दर तीन तासांनी त्याला मांडीवर घेतलं. तो तिच्या हातांना ओरबाडायचा, खाणं थुंकायचा, सुटला की वेताच्या खुर्चीखाली जाऊन बसायचा आणि दाराकडे तोंड करायचा. कुणाची वाट बघतोय हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. पाणी तर तो बघायचासुद्धा नाही. ती वाडगे भरायची, बदलायची, पुन्हा भरायची. सहाव्या दिवशी ती थकून भावाच्या खुर्चीत बसली. त्याच्या मागे पहिल्यांदाच. समोर वाडगा होता. ती वाकली, बोटाने पाणी हलवलं आणि तिच्या तोंडून निघालं, "चल रे बाजव्या, दोन घोट. दोनच घोट."

भाऊबहिणीचा आवाज एकसारखा आहे असं लहानपणी सगळे म्हणायचे. बोक्याचे कान वळले. तो खुर्चीखालून बाहेर आला, तिच्या पायांचा वास घेतला, वर तिच्या तोंडाकडे बघितलं. मग वाडग्याशी जाऊन प्यायला लागला. कितीतरी वेळ पीत होता. आणि मग अहल्येला रडू आलं. तोंडात पदराचा बोळा घालून ती रडली, तो पिता पिता घाबरून निघून जाऊ नये म्हणून.

त्यानंतर बाजव्या हळूहळू बरा झाला. दोन महिने लागले. अंगावर पुन्हा चमक आली, वजन भरलं. अहल्या त्याच्याशी सगळं भावाच्या शब्दांत बोलायला शिकली, कारण तिच्या शब्दांना तो येत नसे. दर तासाला वाडगे बदलायची. जुनं पाणी भिंतीवरून मोगऱ्याला घालताना तिचा हात प्रत्येक वेळी थांबायचा. मोठ्या डॉक्टरांना ती एकदा भेटून आली. विचारलं, त्या रविवारी अर्धा पेला दिला असता तर? ते म्हणाले, तर काही वेगळं झालं नसतं, त्यांचं हृदयच संपत आलं होतं, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. त्यांनी समजूत म्हणून सांगितलं होतं. पण तिला एवढंच ऐकू आलं, की अर्धा पेला देता आला असता.

वर्ष-दीड वर्षाने, माघातल्या एका सकाळी, ती बोक्याची लघवी तपासायला घेऊन गेली होती. सगळं ठीक होतं. बाकावर एक नवराबायको बसले होते, पंचविशीतले, मांडीवर टोपली, तोंडं उतरलेली. त्यांच्या बोक्याची नळी कालच काढली होती. नयनाबेन म्हणाल्या, "पथ्याचं या मासींना विचारा. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

अहल्येने त्यांना सगळं सांगितलं. नवं खाणं जुन्यात कसं मिसळायचं, चिकनचं पाणी कोमट हवं, कढत नको, घमेलं शांत कोपऱ्यात ठेवायचं, रेती रोज हाताने बघायची, कोरडी असली की तासभरही थांबायचं नाही. मुलगी फोनवर टिपून घेत होती.

"आणि पाणी?" तिने विचारलं. "पीतच नाही हो तो. कसं पाजायचं?"

"चार वाडगे ठेवा. दर तासाला ताजं भरा. आणि शेजारी बसून हाक मारत राहायचं."

"दर तासाला? आम्ही दोघं नोकरीला जातो. तुम्ही एकट्याने कसं करता एवढं?"

"मी कुठे करते," अहल्या म्हणाली. "मी खाण्याचं बघते. पाण्याचं माझा भाऊ बघतो."

मुलगी हसली. "नशीबवान आहात, मासी."

आतून नयनाबेननी मान वर करून पाहिलं. अहल्येने टोपलीचं झाकण नीट लावलं, बाहेर येऊन रिक्षाला हात केला आणि टोपली मांडीवर घेऊन बसली. दहा वाजत आले होते. घरी जाऊन वाडगे बदलायचे होते.